उतरंडीच्या तळाचे मडके

जुन्या घरांतून माजघराच्या कोपऱ्यात उतरंड असे. सर्वांत मोठे, दणकट मडके तळाशी. त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान, आणि अगदी माथ्यावर एखादे चिमुकले बोळके. तळचे मडके हलले की सारी उतरंड कोसळणार, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. म्हणून तळासाठी मडके घेताना घरातली जाणती बाई ते बोटाने वाजवून पाही, आणि पैसाही त्याच्यासाठीच जास्त मोजी.

शिक्षणाची उतरंड मात्र आपण अशा शहाणपणाने रचली नाही. माथ्यावरच्या प्राध्यापकाला सर्वांत जास्त मान आणि वेतन. त्याच्या खाली हायस्कूलचे मास्तर. त्यांच्या खाली प्राथमिक शाळेचे गुरुजी. आणि सर्वांच्या तळाशी, तीन वर्षांच्या मुलाचे नाक पुसून त्याच्या हाती पहिला खडू देणारी बालवाडीची बाई. “पोरे तर सांभाळायची! त्याला शिकायला काय लागते?” या एका वाक्यात तिच्या पेशाचा निकाल लागतो. या वाक्याशी गेली पावणेदोनशे-दोनशे वर्षे जी झुंज चालली आहे, तिचाच इतिहास म्हणजे बालशिक्षिकेच्या पेशाचा इतिहास. त्या झुंजीतला एक मोठा अध्याय मराठी बायकांनी लिहिला, आणि तोच आज वाचकांपुढे ठेवावा असा विचार आहे.

झुंजीची सुरुवात झाली जर्मनीत. फ्रेडरिक फ्रोबेल नावाच्या एका शिक्षकाने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावी बालकांसाठी एक संस्था काढली आणि १८४० साली तिला नाव दिले ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग. मूल खेळते ते वेळ घालवण्यासाठी नव्हे. खेळ हाच त्याचा उद्योग आणि खेळ हीच त्याची पोथी, असे त्याचे म्हणणे. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, ठोकळे अशी साधने त्याने क्रमवार योजली. पण साधने झाली तरी बाग आपोआप फुलत नाही, तिला माळीण हवी. ती माळीण तयार करण्यासाठी १८४९ साली त्याने लीबेनश्टाइन येथे तरुणींचा वर्ग सुरू केला. ज्या काळी सुशिक्षित घरातल्या मुलीला लग्न किंवा कुणाच्या तरी घरी मुले सांभाळणे यापलीकडे वाट नव्हती, त्या काळी ‘लहान मुलांना वाढवणे ही शिकून घेण्याची विद्या आहे’ असे म्हणणारा हा मनुष्य सरकारला विलक्षण वाटला असल्यास नवल नाही. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदीच घातली! कारण तरी काय? फ्रोबेलच्या एका पुतण्याची मते समाजवादी होती, आणि सरकारने पुतण्याचे पाप काकाच्या माथी मारले. पुढल्याच वर्षी, १८५२ साली, फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० साली. तोवर त्याच्या हाताखाली शिकलेल्या बायका आणि त्यांच्या शिष्या हे बी घेऊन देशोदेशी गेल्या होत्या. बंदी बागेवर आली, पण माळणी शिकून मोकळ्या झाल्या होत्या. पेशा एकदा माणसांच्या हातात उतरला की तो हुकुमाने पुसता येत नाही, तो असा.

दुसरे पाऊल पडले रोममध्ये. डॉ. मारिया माँटेसोरी या वैद्यकीची पदवी घेतलेल्या बाई. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीतल्या एका चाळीत त्यांनी पहिले ‘बालगृह’ उघडले. त्यांच्या पद्धतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या बालगृहाच्या नियमांतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे, मुलांची बाई त्याच चाळीत राहिली पाहिजे. दुसरी, मुलांच्या आयांनी आठवड्यातून एकदा तरी तिला भेटून मुलाविषयी बोलले पाहिजे. म्हणजे बाई ही परक्या गावाहून घड्याळ लावून येणारी नोकर नव्हे, ती त्या वस्तीतलीच एक जाणती स्त्री. आणि तरीही ती शेजारीण नव्हे. निरीक्षण कसे करावे, मुलाला मदत केव्हा करावी आणि मुख्य म्हणजे केव्हा करू नये, हे शिकून आलेली. शेजारपणाची माया आणि शास्त्राची शिस्त यांचे हे लग्न माँटेसोरीबाईंनी लावले.

हे वारे हिंदुस्थानात पोहोचले ते एका वकिलाच्या खिडकीतून. गिजुभाई बधेका हे काठेवाडातले वकील. १८८५ चा त्यांचा जन्म. घरी मुलगा झाला, त्याच्या शिक्षणाची चिंता लागली, आणि या चिंतेपायी त्यांच्या हाती माँटेसोरीबाईंचे लेखन आले. वकिली मागे पडली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत ते गेले, आणि १९२० साली तेथे त्यांनी बालमंदिर काढले. मुले या धिप्पाड मिशाळ माणसाच्या अंगाखांद्यावर खेळत. गुजराती लोकांनी त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, अशी पदवीच देऊन टाकली. चालती वकिली सोडून पोरांत बसणाऱ्या पुरुषाला लोकांनी आई म्हटले, यात त्यांचा गौरव आहेच. पण त्या काळी या कामाला दुसरे नावच नव्हते, हेही त्यातून दिसते. काम आईचे, म्हणून नाव आईचे. आणि आईच्या कामाला पगार देण्याची चाल आपल्याकडे कधीच नव्हती!

आता तारबाईंकडे येऊ. ताराबाई मोडक यांना सारे ‘ताराबाई’च म्हणत, तेव्हा आपणही तसेच म्हणू. त्यांचा जन्म १८९२ चा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजातले गृहस्थ. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या वेळी पदवीधर मराठी बाई बोटांवर मोजण्याइतकी. लग्न झाले, ते टिकले नाही. आणि पुढे राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजची मुख्य बाई! मोठे पद, मोठा मान. एखाद्या पदवीधर बाईने त्या काळी याहून वरची कोणती पायरी मनात आणावी?

ताराबाई तेथून खाली उतरल्या. १९२३ च्या सुमारास राजकोटची ती खुर्ची सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

या गोष्टीपाशी वाचकांनी क्षणभर थांबावे असे मला वाटते. शिक्षणखात्यात बढती म्हणजे काय? लहान मुलांकडून मोठ्या मुलांकडे, मोठ्या मुलांकडून मास्तरांकडे, आणि मास्तरांकडून कागदांकडे. जो जितका वर चढला तो तितका मुलापासून लांब गेला. हा जिना असाच असतो, असे आपण धरून चाललो आहोत. ताराबाईंनी हा जिना नाकारला. मुलांपासून दूर न जाता माणसाला ज्ञानाने, अधिकाराने आणि कर्तृत्वाने मोठे होता येते, असे त्यांनी मानले, आणि पुढची पन्नास वर्षे ते करून दाखवले.

पेशा उभा राहायला काय काय लागते, याची त्यांना नेमकी जाण होती. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी ‘नूतन बालशिक्षण संघ’ स्थापन केला. म्हणजे या कामातल्या माणसांची एक बिरादरी झाली. ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, आधी गुजरातीतून आणि पुढे मराठीतून. म्हणजे एका गावच्या बाईला सुचलेली युक्ती दुसऱ्या गावच्या बाईला कळण्याची सोय झाली. १९३६ साली ताराबाई मुंबईस आल्या आणि दादरला ‘शिशुविहार’ सुरू झाले. तेथे नुसते बालमंदिर नव्हते, शिक्षिका तयार करण्याचे अध्यापनमंदिरही होते. बिरादरी, पत्रिका, प्रशिक्षण. वकिलांकडे हे होते, वैद्यांकडे हे होते. पोरे सांभाळणाऱ्या बाईकडे ते ताराबाईंनी आणले. गिजुभाई १९३९ साली निवर्तले. त्याच वर्षी माँटेसोरीबाई स्वतः मद्रासला, अड्यारला आल्या, आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. त्यांच्या वर्गांतून शेकडो हिंदी शिक्षक शिकून बाहेर पडले. शहरांतून या शिक्षणाला प्रतिष्ठा आली. पण साधने महाग, आणि शाळा पांढरपेशांच्या.

ही गोष्ट ताराबाईंच्या मनाला खुपत होती. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या दादर सोडून ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तो मुलूख आता पालघर जिल्ह्यात मोडतो. त्याच वर्षी त्याच भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही बाई कोणत्या भूमीवर बालवाडी मांडायला निघाली होती ते कळेल. आणि तिच्याबरोबर होत्या अनुताई वाघ.

अनुताईंची कथा म्हणजे या पेशाची खरी कथा. १९१० साली मोरगावला जन्म. तेराव्या वर्षी लग्न आणि पुरते वर्षही न होता वैधव्य. सासरचा उंबराही पाहिला नाही तोच कपाळ पुसले गेले. व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत शिकवले. मग पुण्यात हुजूरपागेत नोकरी. दिवसा शिकवायचे आणि रात्री स्वतः रात्रशाळेत बसायचे, असे करून १९३७ साली मॅट्रिक झाल्या. १९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात ताराबाईंशी गाठ पडली, आणि हुजूरपागेसारख्या नामांकित शाळेचा अनुभव गाठीशी असलेली ही बाई बोर्डीच्या वाटेला लागली. पुढे पन्नाशी उलटल्यावर, डोळे अधू झालेले असताना, त्या बी. ए. झाल्या. एक बाई पदवी घेऊन मुलांकडे उतरली. दुसरी मुलांत राहून पदवीपर्यंत चढली. दोघी मधल्या पायरीवर भेटल्या आणि जन्मभर एकमेकींना सोडून गेल्या नाहीत.

बोर्डीला बालवाडी मांडली, तर ज्यांच्यासाठी मांडली ती मुले येईनात. हरिजनवाडा लांब, आदिवासी पाडे त्याहून लांब. मुले अर्धी उघडी, अंगाला माती, डोक्यात उवा. आणि गावच्या स्वच्छ मुलांशेजारी जाऊन बसायचे त्यांच्या आयांना धाडस नाही. आपण असतो तर “या लोकांना शिक्षणाची आवडच नाही” असे म्हणून मोकळे झालो असतो. ताराबाई म्हणाल्या, मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांच्या अंगणात जाईल. सामानाची पेटी घेऊन बाया वाड्यात जात, अंगणात मुलांना न्हाऊमाखू घालत, केस विंचरत आणि मग तेथेच गाणी, खेळ, रांगोळी, गोष्टी. या अंगणातल्या बालवाडीचीच झाली ‘अंगणवाडी’. माँटेसोरीची महागडी साधने कुठून आणणार? समुद्राचे शिंपले, झाडाच्या बिया, खडे, पाने, फुले, कुंभाराची माती, ही साधने झाली. चिंचोके मोजता मोजता मुले गणित शिकली. हे काटकसरीचे कौतुक म्हणून मी सांगत नाही. शिंपल्यातून लहान-मोठा, गुळगुळीत-खरबरीत, जड-हलका हे शिकवायचे तर शिकवणारीला शास्त्र अधिक पक्के ठाऊक असावे लागते. तयार साधन निम्मे काम स्वतः करते. शिंपला काहीच करत नाही, सारे बाईलाच करावे लागते.

१९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे नवीच अडचण. मोठी मुले गुरे-शेळ्या राखायला जात आणि मोठ्या मुली कडेवर धाकटे भावंड घेऊन घर सांभाळत. तेव्हा गुराख्यांच्या मागे कुरणातच शाळा गेली. तीच ‘कुरणशाळा’. आणि भावंड सांभाळणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत, ताई शाळेत. तिला नाव दिले ‘विकासवाडी’. हे कुणा कमिशनच्या अहवालातून आले नाही. रोज मुले मोजणाऱ्या, कोण आले नाही आणि का आले नाही हे पाड्यावर जाऊन विचारणाऱ्या शिक्षिकांच्या डोक्यातून आले. पेशाची वाढ म्हणतात ती हीच. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. पुढे अनुताईंना पद्मश्री. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी ती टेकडी १९९२ साली अखेरचा श्वास घेईपर्यंत सांभाळली.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आरंभी देशभरात ३३ प्रकल्प. केंद्राला नाव दिले ‘अंगणवाडी’. बोर्डीच्या वाड्यातला शब्द दिल्लीने उचलला आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत नेला. तो रुजवणारी बाई ते पाहायला नव्हती. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. एवढ्या मोठ्या प्रमाणावर लहान मुलांपर्यंत पोहोचणारी व्यवस्था जगात फार थोडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, दवाखान्यात पाठवणी, मातांना आहाराचे शिक्षण आणि बालशिक्षण, अशा सहा सेवा तिच्याकडे. त्यामुळे किती मुले जगली-वाढली असतील, याची गणती कोण करणार? या योजनेला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

पण नाव गेले तसा जिना गेला नाही. सहा सेवांत शिक्षण ही एक, आणि सेविकेचा दिवस उरलेल्या पाचांत आणि त्यांच्या रजिस्टरांत सरतो. जी बाई ही कामे करते तिला ‘सेविका’ म्हणायचे, शिक्षिका नव्हे. आणि तिला मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. शब्दांचा हा खेळ साधा नाही. सेवा करणाराला पगार मागता येत नाही आणि मान ज्याला मिळतो त्याने धन मोजू नये, असा आपला संस्कार. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका कर्नाटकी खटल्यात निकाल दिला की, अंगणवाडी सेविका सरकारी पद धारण करीत नाही. केंद्राकडून मिळणारे तिचे मानधन २०१८ साली महिना ३००० रुपयांवरून ४५०० करण्यात आले. त्यात राज्ये आपापली भर घालतात. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा अनेक घरांना पहिल्यांदाच कळले की आपल्या गल्लीतल्या त्या खोलीत कोणी काम करीत होते.

न्यायालयाचाच दुसरा एक निकाल मात्र नोंदवून ठेवण्यासारखा आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १९७२ च्या कायद्याप्रमाणे या सेविका आणि मदतनीस उपदानाला, म्हणजे ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. तो खटला गुजरातेतल्या बायकांनी लढवला होता. ज्या गुजरातेत मुलांत रमणाऱ्या पुरुषाला ‘आई’ म्हणण्यावाचून लोकांकडे शब्द नव्हता, तेथल्याच बायकांनी शंभर वर्षांनी सांगितले की आम्ही आईसारखे वागत असू, पण काम करतो ते कामगारासारखे, आणि म्हातारपणी आम्हालाही पोट असते.

जिन्याच्याही एकदोन पायऱ्या अलीकडे बसू लागल्या आहेत. २०२२ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे पर्यवेक्षिकेच्या निम्म्या जागा अनुभवी सेविकांतून आणि सेविकेच्या निम्म्या जागा मदतनिसांतून भरावयाच्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पाया म्हणून एकत्र धरला. बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेलीसाठी वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला. हे चांगलेच आहे. तरीही माझ्या मनात एक शंका राहते. पर्यवेक्षिका झालेली सेविका अंगणवाडीतून उठते आणि पाचपंचवीस अंगणवाड्यांची रजिस्टरे तपासू लागते. म्हणजे पुन्हा तोच जिना! जी मुलांत सर्वांत हुशार, तिलाच मुलांतून काढून घ्यायचे. मुलांत राहूनच जिचा हुद्दा वाढेल, वेतन वाढेल, जिच्याकडे नव्या सेविका शिकायला येऊन बसतील, अशी पायरी या जिन्यात अजून कुठे आहे? कोसबाडला ती होती. तेथे अनुताई अखेरपर्यंत मुलांच्या बाई होत्या आणि बायांच्याही बाई होत्या.

आम्हां मास्तरांना या तळच्या कामाचा हिशेब फार लवकर कळतो. जून महिन्यात पहिलीच्या वर्गात नवी मुले येतात. जे मूल चांगल्या बाईच्या हाताखालून आले आहे ते दोन दिवसांत ओळखू येते. ते अक्षरे ओळखतेच असे नाही. पण ते रांगेत आपली पाळी येईतो थांबते, गोष्ट शेवटपर्यंत ऐकते, पाणी सांडले तर फडके आणते आणि न समजले तर विचारते. पुढल्या दहा वर्षांचे आमचे निम्मे काम त्या बाईने करून ठेवलेले असते. बक्षीससमारंभात मात्र हार आमच्या गळ्यात पडतो. ती बाई मंडपात कुठे बसली आहे हेही कोणी पाहत नाही.

दिवाळीचे दिवस आहेत. मुलांनी मातीचा किल्ला केला असेल, त्यावर मावळे मांडले असतील. ती माती कालवायला, हाताच्या चिमटीत मावळा धरायला आणि दुसऱ्याचा किल्ला न मोडायला त्यांना कुणी तरी शिकवले आहे. फराळाची ताटे शेजारीपाजारी जातील, तेव्हा एक ताट अंगणवाडीच्या ताईंकडेही जाऊ द्या. पण ताट देऊन मोकळे होऊ नका. तिचे मानधन वेळेवर येते का, तिला पुढे शिकायला मिळाले का, शिकल्यावर काही वाढले का, हे तिला जरूर विचारा. आणि तिने सांगितलेले, मत मागायला दारी येणाऱ्याच्या कानांवर घाला. उतरंड पाहताना आपले डोळे वरच्या बोळक्याकडे लागतात. घरातली जाणती बाई मात्र आधी तळचे मडके वाजवून पाही.